बारीक अक्षरातली ओळ

दिवसा चोडणच्या पंचायतीत घरपट्टीच्या पावत्या फाडतो,
रात्री कदंबांचं राज्य चालवतो.
पडद्यावर दोन पट्ट्या : वसुली, खर्च.

काल बंदरावरची जकात उतरवली.
अरबांची गलबतं वाढली, प्रजा खूश,
कोपऱ्यात हिरवा बाण.
तिजोरी मात्र आटू लागली,
म्हणून हत्ती विकले, देवळांचं तेल अर्ध्यावर आणलं,
आणि बारीक अक्षरात एक ओळ होती,
बांधांची डागडुजी,
ती शून्य केली.
तीन वर्षं काहीच झालं नाही.
मी स्वतःवरच खूश.

चौथ्या वर्षी खारं पाणी शेतात शिरलं.
म्हणजे एक तपकिरी चौकोन निळा झाला,
इतकंच. धान्य उणे चाळीस.

सकाळी खिडकीशी पेर्पेतबाय.
थकबाकी नऊशे साठ, नोटा चौघडी घातलेल्या.
"मानशीचं दार कुजलंय. कोण बघतलो?"
निधी नाही, म्हटलं मी,
आणि माझं बोट टेबलावर
आपसूक उजवीकडे सरकलं,
जिथं पट्टी असती.

"पावती दी मरे," म्हणाली.
दिली.

तिच्या चपलांचे ओले ठसे फरशीवर राहिले.
दुपारपर्यंत वाळले,
कडेनं पांढरे.