पिशवीवरचं आखात

सकाळी दहाचं बातमीपत्र.
रेडिओ आकडे सांगतो, मी पेन्सिल जिभेवर ओली करते:
चोवीस अंश उत्तर, सत्त्याऐंशी पश्चिम.
आमच्याकडे जून लागला की किराणा दुकानाच्या खाकी पिशवीवर
आखात छापून येतं,
एका अंगाला कोंबडीचे भाव, दुसऱ्या अंगाला समुद्र.
कापून फ्रीजच्या दाराला चिकटवायचा.
ठिपका ठेवला. मागच्यापासून बोटाचं एक पेर दूर.

सहा तासांत एक पेर.
आमचा बायू पाच पेरांवर.

टीव्हीवर तिच्या वाटा दाखवतात,
वाळत घातलेल्या शेवया वाऱ्यानं विस्कटाव्यात तशा.
दोन टेक्सासकडे, पुष्कळशा मोबाईलच्या दिशेनं,
आणि एकच, निळी, बारीक,
आमच्या खाडीत शिरून एल्फेजच्या धक्क्याशी थांबलेली.
काठी घेतलेला माणूस म्हणतो, ही जरा वेगळी पडते,
हिच्याकडे फार लक्ष देऊ नका.
मी सकाळपासून दुसरीकडे पाहिलेलं नाही.

'ती' म्हणते, कारण यंदा वादळाला
माझ्या नणंदेचं नाव मिळालंय.
घराघरांवर प्लायवूड ठोकून लोकांनी रंगवलं,
'इकडे फिरकू नकोस', आणि खाली तिचं नाव.
आधी ती हसली. मग पेट्रोल पंपावर कुणी नाव विचारलं
तर खोटंच सांगून आली.

एल्फेजनं कोळंबीची बोट वरच्या अंगाला नेली,
सायप्रसच्या झाडांत, चारी बाजूंनी बांधली.
दोर सैल सोड रे, मी ओरडले,
पाणी बारा फूट चढेल त्या हिशेबानं सोड.
ताठ बांधलेली बोट बुडते, हे त्याला
मी सांगायला नको होतं. बाप तसाच गेला त्याचा.

दुपारी कब्रस्तानात. आईच्या पेटीला नवा पट्टा आवळला.
मागच्या खेपेला ती निघून गेली होती,
तीन मैलांवर, उसाच्या शेतात सापडली.
जन्मभर कधी शेजारच्या गावी राहायला गेली नाही.

घरी आले. कुणी बघत नव्हतं,
तर नकाशावर अंगठा ठेवला आणि तिला थोडं ढकललं.
पूर्वेला.
पूर्वेला पेन्साकोला. तिथं माझी मुलगी, आठवा महिना.
अंगठा उचलला, पश्चिमेकडून टेकवला.
पश्चिमेला कॅमरॉन. तिथल्या डोक्यांवर
आत्ता कुठं छप्परं आलीत,
काहींच्या पत्र्यावरचं लेबलसुद्धा निघालेलं नाही.
अंगठा खिशात घातला.
फादर थिओफिल रविवारी म्हणाले होते, प्रभू, हिला दूर ने.
कुठं, ते त्यांनीही मोघमच ठेवलं.

फोन वाजला. पोरगीच होती.
आई, मी तिला तुझ्याकडे ढकलत नाहीये हं.
मी म्हटलं, मीही नाही.
मग आम्ही दोघी थोडा वेळ
डायपरच्या किमतीविषयी बोललो.

निघायच्या आधी
पेलाभर पाणी गोठवलेलं होतं, त्यावर नाणं ठेवलं.
परत येऊ तेव्हा नाणं तळाशी दिसलं
तर समजायचं, वीज गेली होती, मासळी खाऊ नये.
परत येऊ तेव्हा, असं मोठ्यानं म्हणाले.
फ्रीज ऐकत असल्यासारखं.

पिशवी दारावरून सोडवली, मांडीवर घेतली.
रस्त्यावर एकामागे एक गाड्या, सगळ्यांची तोंडं उत्तरेला,
टपांवर गाद्या, एका पिंजऱ्यात कोंबडा, तो मात्र दक्षिणेकडे बघत.
चार वाजले. रेडिओनं आकडे सांगितले.
मी पेन्सिल टेकवायला आणि
एल्फेजचं चाक खड्ड्यात जायला एकच गाठ.
ठिपका सरकला,
समुद्र सोडून सरळ कोरड्या जमिनीवर,
कुणाच्या तरी गावावर.

खोडरबर घरी राहिलं होतं.