ङ

चाळीस वर्षं बोर्ड रंगवतोय,
गणपत गल्लीपासून पार शहापूरपर्यंत,
हे अक्षर कधी लागलं नाही.
शाळेच्या तक्त्यात असायचं, घराच्या घ शेजारी,
चौकट होती, आत चित्र नव्हतं.
गुरुजी म्हणायचे, ह्याचा शब्द नसतो. पुढं चला.

थंडी लागली की मुंडगोडहून स्वेटरवाले येतात.
डोल्करचा स्टॉल माझ्या दुकानासमोर:
मफलर, माकडटोप्या,
'एकच भाव' ही पाटी मीच केलेली,
तरी सगळे घासाघीस करतात.
परवा ती मोबाइल घेऊन आली.
फोटोत एक पोरगा, कान जरा मोठे.
भावाचं नाव लिहायचं होतं.

मी लिहिलं : नगवांग.
पेपरात तसंच छापतात.
न नाही, ती म्हणाली. ग पण नाही.
नाकात. मागे.
ब्रश धरून मी नाकात, मागे, शोधत बसलो,
म्हातारपणी, भर बाजारात,
आणि तिथं ते होतं की.
ङवांग.

'आमच्यात ङ म्हणजे मी,' ती म्हणाली
आणि एका गिऱ्हाइकाला सुटे द्यायला पळाली.

त्यानं काय केलं होतं? यादी.
कुणाला नेलं, कधी नेलं, अंगात काय होतं.
नाव, बापाचं नाव, गाव.
ती बाहेर पाठवली.
खटला बंद खोलीत झाला म्हणे.
कुठल्या तुरुंगात आहे, तेही म्हणे.
सगळं म्हणेच.

शहाऐंशी साली माझा थोरला हिंडलग्याला होता,
एकोणीस दिवस.
त्यांनी आमच्या पाट्यांना डांबर फासलं, आम्ही त्यांच्या.
मी सायकलवरून डबा न्यायचो,
दुसऱ्या दिवशी रिकामा परत मिळायचा,
झाकणाला आतून आमटी वाळलेली.
म्हणजे जेवला.
आईला तेवढ्यावर झोप लागायची.
त्या एकोणीस दिवसांचं मी आजवर फार सांगत आलो,
डोल्करला सांगायला गेलो
आणि मध्येच ब्रश धुवायला उठलो.

तिची लिपी मी बघून बघून उतरवली.
आमच्यासारखीच वरून लोंबते.
काही अक्षरं नुसती लिहायची असतात,
त्यांचा उच्चार करायचा नाही.
वांग मध्ये एक आहे तसं, तिनं बोट ठेवून दाखवलं.
मी म्हटलं, मग गाळू?
नको, ती म्हणाली,
ते नसलं तर दुसराच कुणी होतो.

दहा डिसेंबरला अधिवेशन चालू होतं,
आंदोलनांना मांडव वाटून दिलेले.
अंगणवाडीच्या बायका एका बाजूला, पलीकडं कुठले तरी पेन्शनवाले,
मधल्या मांडवात अकरा स्वेटरवाले आणि माझा बोर्ड.
कुणी घोषणा देईना. त्यांना सवय नसावी,
किंवा भाड्याच्या देशात आवाज बेतानं काढतात.
हवालदार आला. कन्नड कुठाय, म्हणाला.
नियम आहे.
मी मल्लेशीला बोलावलं, माझ्याकडं शिकलेला पोरगा,
तो म्हणाला, काका, आमच्यातही हे अक्षर आहे
पण कधी काढलेलं नाही.
डोकं खाजवलं, जमिनीवर बोटानं गिरवलं,
मग काढलं.
हवालदार वाकून वाचायला लागला. ङ, म्हणाला. ङ.
अंगणवाडीतल्या दोघी हसल्या,
त्याच तालावर त्यांनीही म्हणून पाहिलं.

फेब्रुवारीत स्टॉल उठला.
बोर्ड नेला नाही तिनं, बसच्या टपावर खराब होईल म्हणाली.
पैसे द्यायला लागली, मी एक मफलर घेतला.

तो आहे दुकानात, दाराशी,
पावसाळ्यात प्लास्टिक घालतो.
नावाखाली लिहिलंय, 'तुरुंगात ७ वर्षं'.
आता नोव्हेंबर जवळ आला.
एकाचा चार करता येतो कसाबसा,
सातातून आठ निघत नाही.
पुसावाच लागतो.
टर्पेंटाइन आणून ठेवलंय.
बाटली अजून उघडली नाही.