उजवी मांडी

मंडाळ्याच्या भंगारगल्लीत, पत्र्याच्या जिन्यावर
मी आधी निळी पेटी वर ठेवते, मग पाय.
आत बर्फाचे चार चौकोन, मधे बाटल्या,
प्रत्येकीच्या लेबलवर एक गोल, गोलात फिका चौकोन.
चौकोन गोलाइतका काळवंडला
की औषध मेलं समजायचं.
झाकण उघडलं की मी आधी तिथंच बघते,
घरातल्या माणसांकडे नंतर.

यादीत: तुळजा धोत्रे, पाच महिने.
साडेतीनला यायची होती, दोनदा हुकली.
आई पाण्याला गेलेली. आजोबा एकटे,
तांब्याच्या तारेवरचं प्लास्टिक सोलत.

"तीन सुया? एका दिवशी? एवढ्याशा जिवाला?
आमची चार पोरं बिनसुईची वाढली, बाई."

आकडे मी सांगत नाही.
आकडे दवाखान्याच्या भिंतीवर असतात, तिथंच बरे.
मी एवढंच विचारलं, "चारच होती का?"

सोलणारा हात थांबला.
खाली कुणीतरी डबे चेपत होतं, ते चेपतच राहिलं.

"सिदू होता. पाचवा.
डबा झाला म्हणाले सगळे. पोट उडायचं,
बरगडीखाली खड्डा पडायचा, भरायचा, पडायचा.
आईनं माझ्या पोटावर बिब्ब्याचे चटके दिले त्याच्या.
माझ्यासमोर.
सायनला नेईतो..."
पुढचं त्यांनी तारेलाच सांगितलं.

मी तुळजाचा सदरा वर केला, घड्याळ धरलं,
छाती मोजू लागले. पन्नासच्या पुढे गेली की धावायचं, हे ट्रेनिंगचं.
मधेच ती हसली, मोजणी चुकली.
पुन्हा पहिल्यापासून. अडतीस.

आजोबांनी पक्कड ठेवली. साबणानं हात धुतले,
वास घेऊन पाहिला, पुन्हा धुतले.
"कुठली मांडी?"
"डावीत पाच रोगांची. दंडात पोलिओची.
उजवी डब्याची."
"म्हणजे आता येणारच नाही?"
"असं नाही म्हणत, बाबा. जंतू पुष्कळ आहेत.
पण त्यातला जो लुच्चा सगळ्यांत जास्त लेकरं उचलतो
त्याचा चेहरा हिच्या रक्ताला दाखवून ठेवते."

उजवी त्यांनी धरली. तिच्याइतकेच डोळे मिटून.

रडणं गल्लीभर गेलं, डबे चेपणारा वर बघू लागला.
ते मांडीवर फुंकर घालत राहिले,
फुंकर संपली तरी ओठ तसेच.
कार्डावर मी पुढची तारीख लिहिली, नऊ महिन्यांची.
कार्डावर भरवसा नव्हता त्यांचा. खिळ्यानं
पत्र्यावर चार रेघा ओढल्या, महिन्याला एक.

निम्मा जिना उतरले तेव्हा वरून हाक,
"बाई, सिदूचं नाव लिहिता का कुठं?"

रजिस्टरात तसा रकाना नाही.
तरी मी वही काढली, पाठच्या पुठ्ठ्यावर लिहिलं,
आडनावासकट. वर धरून दाखवलं.
त्यांना वाचता येत नव्हतं. ते बघत राहिले.

सहा घरं उरली होती,
आणि पेटीतल्या बर्फाला घाम सुटला होता.