दीड बोट अंतर

इर्माबाई मनोरीच्या तरीतून उतरली
ती थेट माझ्या दारात.
पाटीत मुळ्याच्या जुड्या, लाल माठ,
आणि माठाखाली मिठाईच्या खोक्यात
बदकाचं चार दिवसांचं पिल्लू.
दोन्ही पाय दोन बाजूंना गेलेले,
वल्ही सुटलेल्या होडीसारखं
पोटावर पडलेलं.

"गुळगुळीत पेपरवर ठेवलं मी त्याला, माजीच चूक.
घसरून घसरून असं झालंय.
तू हाडांचा माणूस ना, सुदामभाऊ?"

हाडांचा माणूस.
एकतीस वर्षं परळला, प्लास्टरच्या खोलीत,
पट्ट्या भिजवल्या, पिळल्या, गुंडाळल्या.
गोदीतले हमाल आले, परांचीवरून पडलेले रंगारी,
दहीहंडीच्या दुसऱ्या दिवशी तर रांगच.
पण हे हाड आगकाडीहून बारीक,
आणि पेशंटचं वजन
भाजीच्या काट्यावर पन्नास ग्रॅम,
तेही चुळबुळ धरून.

बोटावर लावायची चिकटपट्टी उभी चिरली.
एका पायाला वळसा, मग दुसऱ्याला,
मधे माझ्या करंगळीची दीड बोटं.
आवळलं तर रक्त अडेल,
सैल सोडलं तर पाय पुन्हा
आपापल्या गावाला निघतील.
इर्माबाईने श्वास धरून ठेवला होता.
पिल्लाने माझ्या तळहातावर
हिरवट काहीतरी केलं,
आणि ती एकदम हसली.

ठेवून घे म्हणाली, ठेवून घेतलं.
खाली खरखरीत पंचा अंथरला.
डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं,
कोंबडीचं खाणं बदकाला पुरत नाही,
ब जीवनसत्त्वाची पूड घाला चिमूटभर.
सकाळ-संध्याकाळ तसराळ्यात कोमट पाणी.
पाण्यात त्याला स्वतःचं ओझं नसायचं,
पाय तेवढ्या वेळात
काय ते शिकून घ्यायचे.

रात्री मात्र रडायचं. एकटं.
वरच्या नाडकर्ण्यांनी दोनदा फरशी ठोकली.
शेवटी माझा दाढीचा आरसा
खोक्यात उभा केला.
त्यातल्या पिल्लाला टेकून
ते झोपलं.
मग मीही.

तिसऱ्या दिवशी उठलं, पडलं.
चौथ्या दिवशी उठलं,
आणि उभं राहिलंय हे कळल्यावर
घाबरून पडलं.
पाचव्या दिवशी पट्टी तेलात भिजवून सोडवली
आणि मी चष्मा लावून बघत बसलो:
इकडे झुकतंय, तिकडे झुकतंय,
ढुंगण हलवत पंच्याच्या काठापर्यंत.
बरं झालं म्हणावं का?
बदकाची चाल मुळातच
प्लास्टर नुकतं काढल्यासारखी.

पुढच्या आठवड्यात मीच तरीत बसलो, खोकं मांडीवर.
इर्माबाईच्या वाडीतल्या डबक्यापाशी झाकण उघडलं.
त्याने मागे वळून बघितलं नाही.
अकरा होती, बारा झाली.
दोन मिनिटांत
मलाही ओळखता येईना.
इतकं चांगलं काम
मी कधी केलं नव्हतं.

नाताळात बोलावणं आलं.
दारात कागदी तारा, आत पाहुणे,
जावयाचा ऑर्गन, आणि मधोमध मोठ्या भांड्यात
बदकाची मोईली,
वर तेलाचा तवंग.
मी भाताशी खेळत राहिलो.
खिडकीतून डबकं दिसत होतं,
मोजायला गेलो तर
बदकं काही जागेवर राहीनात.

इर्माबाई वाढायला वाकली, कानाशी म्हणाली,
"तुजं नाय हां त्यात. तुजं बाहेर हाय."

मी तिच्याकडे बघितलं.
प्लास्टर कापायची करवत सुरू करण्याआधी
मी पोरांना म्हणायचो ना, दुखणार नाही अजिबात,
अगदी तसाच होता
तिचा चेहरा.

"वाढ," म्हणालो. "थोडंच."