दोन थाऊ

पडदा उडू नये म्हणून खिडकीत ठेवलाय तो बोल्ट.
नात विचारते, आजोबा, हा कशाचा?
मी म्हणतो, पडद्याचा.

खरं म्हणजे तो खंड्याचा.
कागदावर त्याला नाव नव्हतं, नुसता आकडा
आणि आकड्याआधी एक्स, म्हणजे अजून काही ठरलं नाही.
खंड्या मी म्हणायचो, मनातल्या मनात,
चोच पुढं काढून हुसाटॉनिक नदीवर
एका जागी थरथरत उभा राहायचा म्हणून.
लष्करासाठी केलेला. आखूड पंखांखाली रॉकेटच्या नळ्या,
रिकाम्या.

शेल्टनच्या त्या कारखान्यात मी तपासनीस.
हात मात्र कोल्हापूरचा, उद्यमनगरात लेथवर वाढलेला.
इंचाचा हजारावा भाग, ज्याला आम्ही थाऊ म्हणायचो,
माझ्या अंगठ्याला कळायचा.
हा बोल्ट दोन थाऊ बारीक निघाला.
लाल ठिपका दिला, बाजूला टाकला.
फोरमन म्हणाला, दोन थाऊनं काय आभाळ कोसळतंय?

एल्डन प्रुइट खाली शॉपमध्ये यायचा.
बाकीचे वैमानिक येत नसत, बूट तेलकट होतात.
रंगराव त्याच्या जिभेवर बसेना, रंगो म्हणायचा.
एकदा रोटरच्या हबवर तळवा ठेवून विचारलं,
"रंगो, सगळं घट्ट आहे ना?"
मी म्हटलं, "तुझ्या लग्नापेक्षा."
खूप हसला.
असलं काहीतरी आपण का बोलतो.

सप्टेंबरचा रविवार. गवतावर घडीच्या खुर्च्या,
भाजलेली कणसं, पोरांना खांद्यावर घेतलेले बाप.
आम्ही दोघं दोरीपाशी, डब्यात थालीपीठं.
खंड्या आला, उभा चढला, कुशीवर वळत उलटा झाला
आणि सरळ झाला.
हेलिकॉप्टर उलटं होतं, हे लोकांना पटायला वेळ लागला,
मग टाळ्या.
मग पुन्हा.
या वेळी त्यानं खालून सुरुवात केली.
मला दिसलं. माप घेणाऱ्याला दिसतंच.
त्याच्याखाली जेवढं आभाळ हवं होतं
त्यात थोडं कमी होतं.
किती, ते मी अजून मोजतो.

आवाज आधी आला नाही.
आधी सगळ्या खुर्च्या मोकळ्या झाल्या.

प्रुइट तिथंच. शेजारी बसलेला वोयचिक नऊ दिवसांनी.

अहवाल हिवाळ्यात आला: यंत्रात दोष नव्हता.
कुणीतरी शॉपमध्ये डोनटची खोकी उघडली,
उघडी राहिली.
माझ्या हाताखालून गेलेला एकूणएक बोल्ट निर्दोष.
खटल्यातून सुटल्यासारखा मी घरी आलो
आणि नळाखाली हात धरून उभा राहिलो,
हिनं येऊन नळ बंद करीपर्यंत.

एकच बनला होता. दुसरा कुणी मागितला नाही.

पुढं चार वर्षांनी, दुकानात, पावांच्या फळीपाशी
लोरेटा प्रुइट भेटली.
म्हणाली, "तुम्ही त्यातलेच ना?
त्यानं मला मैदानावर कधी नेलं नाही.
आवाज कसा होता हो त्याचा?"
मला तोंडानं काढता येईना.
मी तिच्या ढकलगाडीच्या दांड्यावर बोटं वाजवली,
पाच पात्यांचा ठेका, आधी सावकाश, मग भरभर.
मागचे लोक थांबले. ती डोळे मिटून ऐकत होती.
मग कुठं थांबायचं ते मला कळेना.
तिनंच माझ्या बोटांवर हात ठेवला.

तुकडे लष्करानं नेले, कुठं ते सांगितलं नाही.
उरला हा एवढा,
नालायक ठरला म्हणून.

समुद्र जवळ आहे, हवा खारट. बोल्ट गंजतो.
गंज चढला की लोखंड फुगतं,
म्हणजे एव्हाना माप भरलंही असेल.
मायक्रोमीटर कपाटातच आहे, वरच्या खणात.
लावून पाहिलेला नाही.