एकसष्ट

दर ऑक्टोबरात पहिल्या वर्षाची मुलं
पुठ्ठ्याच्या खुर्च्या करतात.
खिळा नाही, डिंक नाही, चिकटपट्टी तर नाहीच,
नुसता पुठ्ठा आणि सुरी.
आणि परीक्षेच्या दिवशी त्यांवर बसायचं काम माझं,
कारण लाहतीच्या या कार्यशाळेत
नव्वद किलोचा दुसरा पगारी माणूस नाही.

मी बसतो. साठ आकडे मोजतो, मोठ्यानं.
अख्खा वर्ग श्वास रोखून माझ्या ढुंगणाकडे बघतो.
हसू नका. तेवीस वर्षं झाली.
एरवी मी करवतींना धार लावतो,
संध्याकाळी मुलांची बोटं मोजून घरी पाठवतो.

ओन्नीची खुर्ची अकराला बसली,
म्हणजे मी आधीच बसलो होतो, मग तीही बसली.
एरिकाची म्हणजे नक्षत्र!
चाळिसापर्यंत तगली,
मग आत कुठेतरी कुरकुर,
आणि मी फरशीवर.
प्राध्यापक विर्मायोकी वहीत काहीतरी लिहितात.
काय लिहितात, ते मला आजवर कुणी दाखवलेलं नाही.

साइमी शेवटची. थेट उत्तरेची, केमियार्वीची,
बोलायला महाग.
तिची खुर्ची साठ झाले तरी हूं की चूं करीना.
टाळ्या.
मी उठायला गेलो.
हातानं भिंत शोधली, भिंत लांब होती.
गुडघा म्हणाला, आज नाही.
दोघांनी काखेत हात घालून उभं केलं.
पाचपैकी पाच, विर्मायोकी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती आली, हातात मोजपट्टी.
"रेयो, गुडघा कधीपासून?"
"खुर्ची पास झालीय तुझी," मी म्हटलं.
"बसण्यात झाली."
मग बराच वेळ करवतीकडे बघत राहिली.
"उठण्यात नापास."

तिनं मला मोजलं.
लग्नाच्या कोटासाठी शिंप्यानंही एवढं मोजलं नव्हतं.
जमिनीपासून गुडघा, गुडघ्यापासून खुबा,
उठताना पाऊल किती मागे सरकतं,
हात कुठे जातो,
तोंडातून कुठला शब्द निघतो, तोही लिहून घेतला.
(तो इथे सांगण्यासारखा नाही.)

तळं गोठलं. तीन वाजताच दिवे लागू लागले.
बाकीची मुलं पोस्टरांकडे वळली,
ही एकामागून एक खुर्च्या कापत राहिली.
मी प्रत्येकीला "बरी आहे" म्हणायचो
आणि ती माझ्या तोंडाकडे बघायचीच नाही,
बघायची टेबलाच्या कडेकडे,
जिथं माझी बोटं आधीच पोचलेली असायची.

सातवी अंमळ उंच.
बैठक पुढे कललेली, हात गुडघ्यांच्याही पुढे आलेले.
बसलो, कॉफी प्यायलो,
यंत्राचा पट्टा घसरल्याचा आवाज आला म्हणून गेलो, बंद केला,
आणि मग लक्षात आलं की मी उठलो होतो.
कप हातातच होता.

ती हरखली वगैरे नाही.
"ओबडधोबड दिसते," म्हणाली.
दिसतच होती. एखादं सांबर दमून बसावं तशी.
आधीचे पाच परत करून तिनं हीच दाखल केली.
तीन मिळाले. रूप हरवलं, असा शेरा.
तिनं मान डोलावली.
तिलाही तसंच वाटत होतं.

पुठ्ठा तो पुठ्ठाच.
एप्रिलात बर्फ वितळलं, हवा ओली झाली,
डावा हात मऊ पडला.
रद्दीत टाका, वरून सांगून गेले.
मी दार लावून घेतलं
आणि चिकटपट्टी काढली.

पुन्हा ऑक्टोबर. नवी मुलं, नवा पुठ्ठा.
साइमी आता दुसऱ्या वर्षाला,
बस थांब्यावरच्या बाकांवर काहीतरी करतेय म्हणे,
म्हाताऱ्यांच्या मागे मोजपट्टी घेऊन फिरते,
एकीनं पोलीस बोलावले.
मी बसतो. साठ मोजतो.
टाळ्या सुरू होतात.
मी हात वर करून त्या थांबवतो,
एकसष्ट म्हणतो,
आणि कुणालाही जवळ येऊ न देता
उठून बघतो.
विर्मायोकी घड्याळ बघतात.