डोळा राखून

पाऊस उघडला की हिरामण झेंडे दिव्याहून येतात,
मांडीवर करवत, तिला जुन्या धोतराची पट्टी.
यंदा पट्टी सोडली आणि करवत माझ्याच हातात दिली.
"मोतीबिंदू पिकलाय. तुम्हीच चढा, डॉक्टरीणबाई."

मी दातांची डॉक्टर. एकतीस वर्षं
सहकारनगरच्या दाढा उपटल्या,
पण शिडीच्या तिसऱ्या पायरीवर माझेच गुडघे वाजू लागले.
खाली पालथ्या बादलीवर झेंडे.
"ओली कापताय. वाळकीचा आवाज वेगळा."

अंजीर आमच्याआधीचं.
खरेदीखतात बोअर होती, पत्र्याची शेड होती,
झाडाचा उल्लेख नव्हता.

"डोळा बघा. बाहेर तोंड असलेला.
त्याच्या वर बोटभर सोडा, तिरकं घ्या,
पाणी थांबता कामा नये."
आत बघणारे डोळे मी काढत गेले.
झाडाच्या पोटात ऊन उतरलं,
शेजारच्या गच्चीतली पाण्याची टाकी दिसायला लागली.
चीक मनगटावर ओघळला. आग, आग.

बुंध्याला भोक, भोकाखाली ओलसर भुसा.
इथे मला कुणी शिकवायला नको.
तार घातली, हळू, वळण घेत, मुळापर्यंत.
अळी टोकाला आली, करंगळीएवढी.
"दुखलं का?"
सवयीने तोंडून गेलं.
"थोडं," झेंडे म्हणाले, झाडाच्या वतीने.

भिंतीवरून गेलेली मोठी फांदी मला ठेवायची होती.
सगळ्यात गोड फळ तिचंच, निदान होतं.
झेंडे चाचपडत उठले,
नखाने साल खरवडली, एकदा, दोनदा, कोपरभर अलीकडे पुन्हा.
नख हुंगलं.
"इथपर्यंत गेलीय. काढा."
मी काढली. वेळ लागला.
ते मध्ये काही बोलले नाहीत.

मग मोरचूद, चुना, कुंचला.
जखमा निळ्या, आमचे हात निळे,
चहाच्या कपाचा कानही.

फाटकाशी त्यांनी विचारलं,
"गुरुवारची तारीख दिलीय. डोळा कापतात म्हणे?"
"तिरकं," मी म्हटलं. "बोटभर सोडून."
ते हसले नाहीत लगेच.

स्टॉपवर मी बसचे नंबर वाचत राहिले.
सासवडची आली, थांबली नाही.
दुसरीत त्यांना बसवलं,
खिडकीच्या गजावर निळा पंजा.
करवत माझ्याकडेच राहिली,
पट्टीसकट.